कडीला बांधलेली चिंधी

दिनांक ७ एप्रिल २०२१ रोजी चांगुणाने शिरूरच्या बाजारपेठेतल्या औषधाच्या दुकानात एक हजार आठशे पन्नास रुपये मोजले आणि बोटाला लावायचा ऑक्सिमीटर विकत घेतला. सरकारने दिलेला एक होता, पण तो तीन वस्त्यांवरच्या तीन आशा सेविकांमध्ये मिळून होता. ज्या दिवशी लागे, त्या दिवशी तो नेमका दुसरीकडे असे.

दुकानदार म्हणाला, "ताई, गेल्या महिन्यात हाच नऊशेला होता."

"गेल्या महिन्यात माझ्या पोरींना खोकला न्हवता," चांगुणा म्हणाली आणि पिशवी छातीशी धरून बाहेर पडली.

पोरी म्हणजे तिच्या नोंदवहीतल्या गरोदर बाया. त्या एप्रिलमध्ये एकोणीस होत्या.

कारेगावच्या अलीकडे, माळावर तिची वस्ती. भावकीची वीस-बावीस घरं आणि कंपन्या आल्यापासून घरांच्या मागे उभ्या राहिलेल्या पत्र्याच्या खोल्या. त्या खोल्यांत बिहारकडची, मराठवाड्याकडची जोडपी भाड्याने राहत. चांगुणाच्या बापाने आयुष्यभर मेंढरं राखली. तिच्या सासऱ्याने ती विकून विहीर खोदली. नवरा मच्छिंद्र कंपनीच्या गेटवर सिक्युरिटीत. ती स्वतः नववी शिकलेली. २०१० साली ती आशा म्हणून लागली, तेव्हा भावकीतली माणसं पारावर बसून हसली होती. "आता काय, चांगुणाला इचारूनच पोरं जल्माला घालायची."

तेव्हा एकटी सरूबाई तिच्या बाजूने उभी राहिली. सरूबाई ही तिची थोरली चुलत जाऊ. चांगुणाला आई नव्हती, म्हणून तिची दोन्ही बाळंतपणं सरूबाईनेच काढली होती. चाळीस दिवस अंगाला तेल, पाठीला शेक, बाळाला टाळू भरणं, सगळं. पारावरच्या माणसांना तिने सुनावलं होतं, "हसताय कशाला? उद्या तुमच्या सुना अडल्या की हिच्याच दारात याल." चांगुणा तिला आक्का म्हणे, आणि नुसतं म्हणायचं म्हणून नव्हे.

चिंधीची युक्तीही आक्काचीच. २०२०च्या टाळेबंदीत घराघरांत जाऊन बसायचं नाही, असा वरून आदेश आला. फोन करावा तर घरातला एकच फोन नवऱ्याच्या खिशात आणि नवरा ड्युटीवर. अवघडलेल्या बाईची रोजची खबर घ्यायची कशी, म्हणून चांगुणा ओट्यावर डोकं धरून बसली होती. सरूबाई तांदूळ निवडत म्हणाली, "आमची सासू मेंढरांमागं असायची तवा पालात अवघडलेली बाई असली, की सकाळी उठल्या उठल्या तिला पालाच्या काठीला चिंधी बांधाया लावायची. चिंधी दिसली, म्हंजी बाई उठली, धड हाय. न्हाई दिसली, तर पळा."

चांगुणाने ते उचललं. नियम एकच केला. चिंधी बाईने स्वतःच्या हाताने, सकाळी आठच्या आत दाराच्या कडीला बांधायची आणि संध्याकाळी सोडायची. सासूने नाही, नवऱ्याने नाही. जी बाई उठून कडीपर्यंत येते आणि गाठ मारते, तिचा श्वास ठीक आहे, एवढा साधा हिशोब. खोल्यांतली गीता रोज ओरडून सांगे, "दीदी, कपड़ा लगा दिया!" एका सकाळी तिच्याच दारावर कपडा दिसला नाही. चांगुणा पळत गेली, तर गीता मोरीत चक्कर येऊन पडलेली. रक्तदाब भलताच वाढला होता. वेळेत दवाखाना मिळाला. त्या वर्षी चौदा बाळंतपणं झाली आणि एकही बाई गेली नाही. चांगुणा हे श्रेय उघडपणे सरूबाईला देई.

फक्त एक चूक तिच्या हातून रोज होत होती. नोंदवहीत चिंधीला रकाना नव्हता. रकाने दोनच, 'भेट दिली' आणि 'तब्येत'. चिंधी दिसली की ती रस्त्यावरूनच लिही, 'भेट दिली, ठीक.'

एकोणीस जणींत एक सरूबाईची सून होती. अपेक्षा. माहेर दौंड तालुक्यातलं केडगाव, बाप म्हस्कू रेल्वेत गँगमन. पहिलटकरीण, आठवा महिना. रिवाजाप्रमाणे सातव्यातच माहेरी जायची, पण साथ पुन्हा वाढली, म्हणून राहिली. तिची चिंधी हिरवी होती, ब्लाउजपीसची उरलेली पट्टी.

एकोणीस ते बावीस एप्रिल, चार दिवस वस्तीवर नुसता गोंधळ होता. नऊ घरांत ताप. स्वॅबच्या याद्या, गोळ्या, पत्र्याच्या खोल्यांतून गावाकडे पळणारी माणसं. चांगुणा रोज सकाळी रस्त्यावरून सरूबाईच्या दाराकडे बघे. हिरवी चिंधी वाऱ्यावर हलत असे. ती वहीत लिही आणि पुढे जाई. इतर घरांपाशी ती थबकत असे, हाक मारत असे. या घरापाशी नाही. हे आक्काचं घर.

तेवीस तारखेला ती लोहाच्या गोळ्या द्यायला अंगणात शिरली. कडीजवळ जाताच तिची नजर गाठीवर पडली आणि पाय जागीच थांबले. ती दाव्याची गाठ होती. कोकराला खुंट्याला बांधताना मारतात ती, ओढली की आवळणारी. चांगुणाचा बाप तीच मारायचा. रेल्वेतल्या गँगमनच्या पोरीला ती येणं शक्य नव्हतं. अपेक्षा बुटाच्या नाडीसारखी सुरगाठ मारायची.

सरूबाई दारात आडवी आली. "झोपलीय. आठवा म्हैना हाय, झोपू दे तिला."

"चिंधी कुणी बांधली, आक्का?"

"तिनंच की."

"ही गाठ तिला येती?"

सरूबाई चौकट धरून उभी राहिली. चांगुणाने तिला बाजूला सारलं. उभ्या आयुष्यात तिने आक्काच्या अंगाला असा हात लावला नव्हता. आतल्या खोलीत अपेक्षा भिंतीला टेकून बसली होती, कारण आडवं झालं की श्वास मिळत नव्हता. ओठ काळे पडलेले. चांगुणाने बोटाला ऑक्सिमीटर लावला. शहाऐंशी. पलीकडच्या खोलीतून खोकत सरूबाईचा मुलगा सत्यजीत म्हणाला, "काकी, कंपनीत कळवू नका. काँट्रॅक्टवर हाय मी. चौदा दिवस घरी बसवत्यात, पगार न्हाई."

"किती दिवस झालं?"

"मला पाच. हिला चार."

कारेगावातली संपतची जीप आली. भाडं तीन हजार दोनशे ठरलं, कारण रुग्ण असला की कुणी गाडी देत नव्हतं. चांगुणाने बचत गटाकडून उचल घेऊन ते जागेवर दिलं. शिरूरमध्ये दोन ठिकाणी उंबऱ्यावरूनच परत पाठवलं. एका ठिकाणी बेड नव्हता. दुसरीकडे होता, पण गरोदर बाईला घेणार नव्हते. चांगुणाने म्हस्कूला फोन लावला. त्याने केडगावातून ओळखीपाळखी काढून चौफुल्याकडच्या एका दवाखान्यात जागा धरली. जीप न्हावऱ्याच्या रस्त्याला लागली. चांगुणाने अपेक्षाला डाव्या कुशीवर वळवलं, डोकं मांडीवर घेतलं आणि बोट धरून आकडा बघत राहिली. चौऱ्याऐंशी. त्र्याऐंशी. भीमेच्या पुलावर अपेक्षा तुटक तुटक बोलली, "आत्याच बांधायच्या... मी म्हणायचे, काकींना बोलवा... म्हणायच्या, दूध बंद पडंल."

चार गाईंचं दूध. घर सील झालं, की डेअरी त्या घरचं दूध घेत नसे.

तिसऱ्या दिवशी सिझर झालं. मुलगी, पावणेदोन किलोची. काचेच्या पेटीत ठेवली आणि जगली. अपेक्षाही जगली. चांगुणा बारा दिवस तापाने पडून राहिली. मच्छिंद्राने करपलेल्या भाकरी भाजून घातल्या आणि वर म्हणाला, "खा. कंपनीच्या गेटवर ह्याच्यापेक्षा वाईट मिळतं."

उठून कामाला लागली आणि जूनमध्ये तिच्या नावाचं पत्र आलं. तालुक्याच्या आरोग्य कार्यालयाकडे लेखी तक्रार होती. 'आशा सेविका दि. १९ ते २२ आमच्या घरी आल्या नाहीत, त्यामुळे सुनेच्या जिवावर बेतले.' खाली सरूबाईची सही. साक्षरता वर्गात ती सही तिला चांगुणानेच शिकवली होती.

मागचं कारण मच्छिंद्राला बाजारात कळलं. म्हस्कू चिडला होता. "माझ्या पोरीला चार दिवस कोंडून ठिवली. नांदायला धाडत न्हाई," असं त्याने सांगून पाठवलं होतं. सून आणि नात हातची जायची वेळ आली, तेव्हा सरूबाईने खापर फोडायला दुसरं डोकं शोधलं.

चौकशीला आशांच्या कामावर देखरेख करणाऱ्या गटप्रवर्तक प्रतिभाताई आल्या. बाई सरळ होत्या. नोंदवही उघडून म्हणाल्या, "एकोणीस ते बावीस, भेट दिली, ठीक. गेली होतीस का आत?"

"न्हाई. चिंधी दिसली."

"चिंधीचा रकाना कुठंय यात?"

चांगुणाने गाठीचं आणि अपेक्षा जीपमध्ये जे बोलली त्याचं सांगितलं.

"बांधत कोण होतं, हे सांगणारं कुणी आहे का?"

संपतला विचारलं. तो म्हणाला, "ताई, मी सगळ्या काचा खाली करून चालवत होतो. त्या वाऱ्यात मला माझाच हॉर्न ऐकू येत न्हवता." ते खरंच होतं. राहिली अपेक्षा.

दोघी केडगावला गेल्या. म्हस्कूने ओट्यावर सतरंजी टाकली, चहा दिला. अपेक्षा बाळाला मांडीवर घेऊन बसली. अंग भरलं होतं, चेहऱ्यावर रंग आला होता. दोन दिवसांनी सत्यजीत तिला न्यायला येणार होता. दोन्ही घरांतलं भांडण मिटलं होतं. चांगुणाला बघताच तिचे डोळे भरले. तिने बाळ चांगुणाच्या हातात दिलं.

प्रतिभाताईंनी विचारलं, "ते चार दिवस चिंधी कोण बांधत होतं, अपेक्षा?"

अपेक्षाने बापाकडे बघितलं. मग बाळाच्या टोपड्याची नाडी सोडली, पुन्हा बांधली. सुरगाठ. "मी तापात होते, ताई. मला काय आठवत न्हाई."

"जीपमधी बोललीस की, पोरी," चांगुणा म्हणाली. "पुलावर."

"तापात काय बोलले असंन, काकी." ती मान खाली घालून म्हणाली. "मला तिथंच नांदायचंय."

शेवटचं वाक्य ती इतक्या हळू बोलली, की ते चांगुणालाच ऐकू गेलं. चांगुणाने बाळ परत दिलं. चहा तसाच राहिला.

तिने खुलासा स्वतःच्या हाताने लिहिला. चार दिवस मी घरात गेले नाही. चिंधी पाहून 'ठीक' लिहिले. चिंधी सासू बांधत होती, यास साक्षीदार नाही. सत्याला जेवढा कागद लागतो तेवढाच तिने वापरला, पाऊण पान. निर्णय आला. दोन महिन्यांचा मोबदला बंद, ताकीद, आणि सरूबाईच्या बाजूची अकरा घरं शेजारच्या वस्तीवरच्या आशा सेविकेकडे. खोल्यांची बाजू तिच्याकडेच राहिली. दुसऱ्या दिवशी तिने दारोदारच्या चिंध्या सोडवून घेतल्या आणि मोरीमागे जाळल्या. गीता तेव्हा बाळाला घेऊन दारात उभी होती. तिने विचारलं, "दीदी, अब कैसे पता चलेगा?" चांगुणा म्हणाली, "अंदर आके देखूंगी."

सत्यजीतच्या मुलीच्या बारशाला चांगुणाला बोलावणं नव्हतं. चार दिवसांनी सरूबाई स्वतः घुगऱ्यांची वाटी घेऊन आली आणि ओट्याखालीच उभी राहिली.

"रागावलीस व्हय? तू सरकारची हाईस, बया. तुझं काय गेलं, दोन म्हैन्याचं पैसं. आमचं घर मोडलं असतं."

"पोरगी मेली असती, आक्का."

"मेली न्हाई ना? तूच नेलीस, तूच वाचवलीस. मी कवा न्हाई म्हनलं?"

"कागदावर म्हनलात."

सरूबाईने वाटी ओट्याच्या कडेला ठेवली.

"चिंधी तुमीच शिकवली हुती मला," चांगुणा म्हणाली.

"म्हनून तर तुला पटली," सरूबाई म्हणाली. तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. खरं तेच ती सांगत होती. मग तिने कनवटीची पुरचुंडी सोडून जीपच्या भाड्याचे पैसे ओट्यावर मोजून ठेवले आणि बाकीचे दुधाच्या बिलावर देते म्हणाली.

चांगुणाने घुगऱ्या कोंबड्यांना टाकल्या, वाटी घासून सरूबाईच्या दारात नेऊन पालथी ठेवली आणि पैसे बचत गटात भरले. ते दोन हजार आठशे पन्नास होते. सरूबाईकडून साडेतीनशे रुपये अजून यायचे आहेत.