गंगाधरय्यांच्या कॉफीचा बाण

बाणाशिवाय जयशीलाला चैन पडत नसे. लग्न होऊन बंगळूरला बसवनगुडीच्या घरात आली त्याच आठवड्यात तिनं बाणांनी स्वयंपाकघराचा नकाशा काढला: डबा कुठून निघतो, कुठे पोचतो. सासूबाई म्हणाल्या, "छान गं. आता सारूला फोडणी तुझा बाण देईल ना?"

संगणक कंपनीतली नोकरीही तीच. बियाणे महामंडळाचं काम संगणकावर जायचं होतं, त्याची चित्रं तिच्याकडे. कामाचा टप्पा म्हणजे गोल, कागद म्हणजे बाण. गोलात बाण शिरला तर बाहेर निघालाच पाहिजे. नाहीतर गोल खोडायचा.

महामंडळातले जुने कारकून गंगाधरय्या. त्यांच्या गोलात चहूकडून बाण शिरत होते, बाहेर एकही नाही.

"कागदाचं काय करता सर?"

"वाचतो अम्मा. मग कपाटात ठेवतो. साहेबांकडे दुसरी प्रत जाते."

"मग तुमचा गोल..."

"खोडणार?" त्यांनी चष्मा पुसला. "निवृत्तीपर्यंत थांबा. आत्ता घरी बसलो तर बायको शेंगा सोलायला लावेल."

जयशीला दुपारभर तिथेच बसली. तीनच्या सुमारास गंगाधरय्यांनी थर्मास उघडला आणि अर्धी अर्धी कॉफी सगळ्यांना दिली. साहेबांनी पेला रिकामा केला, मगच सहीचं पेन उघडलं.

तिनं बाण काढला: कॉफी, गंगाधरय्यांकडून साहेबांकडे. नियम पाळला गेला.

तिच्या कंपनीतल्या पोरांनी चित्रात होतं तेच बनवलं. उद्घाटनाला साहेबांनी मंजुरीचं बटण दाबलं, तर पडद्यावर प्रश्न आला: गंगाधरय्यांची कॉफी मिळाली का? कॉफी येईपर्यंत काही पुढे सरकेना.

"हे काढून टाका," साहेब म्हणाले.

"काढते सर. पण तुम्ही कॉफीआधी सही केल्याचं एक उदाहरण दाखवा."

साहेबांनी गंगाधरय्यांपुढे पेला धरला.

पुढे गंगाधरय्या हार-शाल घेऊन निवृत्त झाले आणि दुसऱ्याच दिवशी सगळ्या जिल्ह्यांचं नाचणीचं बी मंजुरीसाठी अडकलं. कँटीनची कॉफी आणली. साहेबांनी घोट घेऊन पेला बाजूला सारला. "खोटं कशाला लिहू? ही त्यांची नाही."

जीप घेऊन जयशीलाच गेली. घराच्या ओट्यावर गंगाधरय्या अवरेच्या, म्हणजे पावट्याच्या, शेंगा सोलत होते. तिला बघून ते थर्मास शोधायला उठलेच.

"बसा खाली," त्यांची बायको पार्वतम्मा आतून म्हणाली. "टोपली संपल्याशिवाय कुठे जायचं नाही. महामंडळ थांबेल."

जयशीलानं टोपलीकडे पाहिलं. चपला काढल्या आणि मांडी घालून शेंगा सोलायला बसली. थोड्या वेळानं जीपचा ड्रायव्हरही आला.