बुडबुडा वर पोचेपर्यंत

बाबा गेल्यावर आईने बोलणं जवळजवळ सोडूनच दिलं. रडलीही नाही. हाक मारली की 'हं' म्हणायची, ताट वाढलं की जेवायची. मी तिला डोंबिवलीच्या घरातून टिटवाळ्याला माझ्याकडे घेऊन आले. तेव्हा मी घरूनच काम करायचे. मानपाड्याच्या एका कारखान्यात रसायनांची उंच टाकी होती. तिच्या तळातून हवा सोडली की आत बुडबुडे कसे तयार होतील, कसे वर चढतील, हे मी कॉम्प्युटरवर गणिताने उभं करून बघत होते.

दुपारी जेवणं झाली की आई माझ्यामागे पलंगावर येऊन बसायची. स्क्रीनवर निळं पाणी. तळाच्या भोकातून एक फुगवटा हळूहळू वर येई, त्याची मान बारीक होई, आणि सुटला की तो डुलत निघे. लहान, गोल बुडबुडे सरळ जात. मोठे चपटे होऊन झोके घेत. पुढच्याच्या मागे पाण्यात जी ओढ तयार होते तिच्यात मागचा सापडे, जवळ जवळ जाई, आणि दोघांचा एक होई. आवाज कसलाच नाही. पडद्यातून आलेलं ऊन भिंतीवर हलत असे. कितीतरी दुपारी आम्ही दोघी पाण्याखाली बसल्यासारख्या बसून असायचो.

काम मात्र अडलेलं. कॉम्प्युटर पाण्याचे बारीक चौकोन पाडतो आणि प्रत्येकात हवा किती, पाणी किती ते मांडत जातो. माझ्या मांडणीत दर वेळी थोडी हवा गळत होती. वर चढता चढता बुडबुडा रोडावायचा आणि अर्ध्या वाटेत नाहीसा व्हायचा.

असाच एक नाहीसा झाला आणि मागून आवाज आला, "कुठे गेला गं?"

मी दचकून वळले. किती दिवसांनी तिने आपणहून काही विचारलेलं!

"कुठे नाही गं आई. माझ्या प्रोग्रॅममध्ये चूक आहे."

"वर पोचलाच नाही तो."

"नाही पोचला."

तिने स्क्रीनकडे बोट केलं. मग म्हणाली, "बाबांच्या ऑक्सिजनच्या मशीनला ती पाण्याची बाटली होती ना, तिच्यातपण असेच यायचे. मी त्या बाटलीकडेच बघत बसायचे. वाटायचं, हे चालू आहेत ना, मग सगळं ठीक आहे. ते गेले तरी बुडबुडे चालूच होते गं. डॉक्टर म्हणाले, आता बंद करा. बटण मीच बंद केलं."

हे मला माहीत नव्हतं. मी तेव्हा औषधं आणायला स्टेशनकडे गेलेले. मी खुर्चीतून उठून तिच्याजवळ बसले. तेव्हा कुठे ती रडली, पोटभर. समोर निळ्या पाण्यात एकेक बुडबुडा सुटत होता.

चूक निस्तरायला पुढे बरेच दिवस गेले. बुडबुड्याच्या कडेचे चौकोन मी आणखी बारीक केले, गळलेली हवा पुन्हा त्याच्याच वाट्याला यावी अशी सोय केली. आई रोज चहा घेऊन यायची आणि विचारायची, "आज कुठवर?"

"अर्ध्याच्या वर गेलाय."

"जाईल, जाईल."

एका दुपारी तो खरंच गेला. पृष्ठभागाला टेकला, क्षणभर थांबला, त्याच्या डोक्यावर पाण्याचा पातळ घुमट उभा राहिला, आणि फुटला. पाणी जरासं हललं.

"पोचला बाई एकदाचा," आई म्हणाली आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून तशीच उभी राहिली.

अहवाल कारखान्याला गेला. त्यांनी टाकीतली हवेची भोकं बदलली, असं नंतर कळलं. आई आता संध्याकाळी शेजारच्या काकूंबरोबर नदीकडे फिरायला जाते. परत आली की बाबांबद्दल सांगत बसते. ते मोहने गावी कामाला होते तेव्हाचं, लग्नाआधीचं, मी कधीच न ऐकलेलं. परवा सांगत होती, बाबा तरुणपणी फार सुंदर शीळ घालायचे. मी तर त्यांना कधी गुणगुणतानाही ऐकलं नव्हतं.