कुंदाताईंचा लांबचा रस्ता

कुंदाताई बाजाराला नेहमी लांबच्या रस्त्याने जात. बीरगांवातल्या आमच्या गल्लीतून सरळ गेलं तर बाजार दहा मिनिटांवर. पण मधे तलावपारा नावाची वस्ती लागते, पारा म्हणजे इकडे मोहल्ला, आणि ती टाळायला त्या उरला या कारखानपट्ट्याकडे जाणाऱ्या ट्रकांच्या रस्त्याने मोठा वळसा घालायच्या, नाकाला पदर लावून. तिथं कुणाशी तरी भांडण झालं असेल, असं आम्ही सगळे धरून चाललो होतो. माझ्या बायकोने एकदा विचारलंच, तर म्हणाल्या, "भांडण असतं तर छाती काढून गेली असती वं. मीच खोटी पडली आहो तिथं."

त्या आमच्या शेजारी राहत. नवरा रेल्वेत होता, तो लवकर गेला. स्वतः अंगणवाडीत मदतनीस. आवाज मोठा, राग त्याहून मोठा, आणि एकदा शब्द दिला की तो पाळल्याशिवाय त्यांना अन्न गोड लागत नसे. काही वर्षांपूर्वी बाहेरगावची शिकलेली मुलं धूळ आणि दम्याचा अभ्यास करायला तलावपाऱ्यात आली. अनोळखी माणसाने पुढे केलेल्या श्वास मोजायच्या नळीत फुंकायला बायका तयार होईनात, म्हणून मुलांनी कुंदाताईंना बरोबर घेतलं. त्यांनी दारोदार एकच सांगितलं, "फूँको बहन. क्या निकला, मैं खुद बताने आऊँगी."

त्या बायकांत उर्मिला होती. नवरा मनहरण रोलिंग मिलमध्ये कामाला. तीनदा फुंकूनच ती इतकी दमली की खाटेवर बसली, आणि हसून म्हणाली, "भुलाहू झन, दीदी." विसरू नका. हे कुंदाताई मला सांगत तेव्हा तिचं ते हसणंही करून दाखवत.

मुलं गेली ती गेली. फोन लागेना. बायका रस्त्यात अडवून विचारू लागल्या, दीदी, काय निघालं? तेव्हापासून तो वळसा सुरू झाला. "शेजारणीचा डबा आपण रिकामा परत करतो का?" त्या म्हणायच्या. "मी तर साऱ्या पाऱ्याचे डबे घेऊन बसली आहो."

मी एका कॉलेजच्या ग्रंथालयात कारकून आहे. तिथे आम्हाला खुल्या संशोधनाचं प्रशिक्षण दिलं गेलं. विज्ञान, आरोग्य, इतिहास, समाज, कशावरचाही असा खुला ठेवलेला अभ्यास जगातल्या कुणालाही एक पैसा न भरता वाचता येतो, असं शिकवणाऱ्या बाईंनी सांगितलं आणि सरावासाठी काहीतरी शोधायला लावलं. मी आपल्या गावाचं नाव टाकलं. तो लेख समोर आला. तीच मुलं, तोच पारा, तीच नळी. मी जेवायच्या सुट्टीत त्याची प्रत छापली आणि स्वतःच शोध लावल्याच्या थाटात घरी आलो.

"कुणालाही वाचता येते, ताई. फुकट," मी म्हणालो.

"कुणालाही म्हणजे? उर्मिलेले पण?"

लेख इंग्रजीत होता. मी अर्थ सांगत गेलो. तलावपाऱ्यावर मोजून एक परिच्छेद. धुळीचा श्वासाशी संबंध असावा, पण आणखी अभ्यासाची गरज आहे. त्या ऐकत होत्या.

"हे तर मीच त्या पोट्ट्याइले पहिल्या दिवशी सांगितलं होतं. उर्मिलेचं काय निघालं ते वाच."

नावं देत नाहीत, मी समजावलं, कुणाची माहिती बाहेर जाऊ नये म्हणून.

"लोकाइपासून लपवलं ते बरंच केलं. पण तिचं तिच्यापासून काहून लपवलं?"

मी प्रतीची पानं पुन्हा चाळू लागलो. मग त्या म्हणाल्या, "जे आहे ते एका पानात सोप्या हिंदीत लिहून दे. इतकं तरी नेऊन देते." मी रविवारपर्यंत देतो म्हणालो.

कॉलेजात परीक्षा आल्या, मग तपासणी आली, मग मेव्हणीचं लग्न. भिंतीपलीकडून रोज आवाज यायचा, "विलास, झालं का पान?" आणि मी रोज म्हणायचो, करून राहिलो, ताई. असे चार महिने गेले. पोळ्याच्या आधी उर्मिला वारली.

ते पान मी त्याच दुपारी लिहिलं. एक तास लागला. चार महिन्यांत मला एक तास सापडला नव्हता, याबद्दल मी स्वतःला माफ करू शकलेलो नाही.

तेरवी झाल्यावर आम्ही दोघं तिच्या घरी गेलो. मनहरणला वाचता येत नव्हतं. त्याने कागद दोन्ही हातांत घेतला, उलटसुलट पाहिला आणि विचारलं, "दीदी, एमा उर्मिला के नाव कहाँ हे?"

कुंदाताईंनी माझ्याकडे पाहिलंही नाही. शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं आणि म्हणाल्या, "ये देखो भैया. यहाँ." त्या ओळीत अभ्यासात भाग घेणाऱ्या सर्वांचे आभार मानले होते. मनहरणने त्या जागेवरून अंगठा फिरवला आणि कागद घडी करून तिच्या फोटोमागे ठेवला.

बाहेर आल्यावर कुंदाताई नाल्याच्या कठड्यावर बसल्या. "डबा रिकामा तर रिकामा, वरून झाकण लावून दिलं मी," एवढंच म्हणाल्या. बाकीच्या घरांसाठी काढलेल्या त्या पानाच्या प्रती त्यांनी माझ्या हातात दिल्या आणि दुसऱ्या दिवसापासून पुन्हा ट्रकांचा रस्ता धरला. पुढच्या उन्हाळ्यात त्याही गेल्या. श्वासानेच. सगळ्यांना फुंकायला लावणाऱ्या त्या बाईने स्वतः कधी नळी तोंडाला लावली नव्हती. "माझं कशाले? मी तर कामावर होती," म्हणायच्या.

तो लेख अजून आहे, सगळ्यांसाठी उघडा. किती जणांनी वाचला त्याचा आकडा खाली दिसतो आणि हळूहळू वाढतो. मला वाटतं, त्यात बराचसा मीच असतो. प्रतींचा गठ्ठा माझ्या कपाटात आहे. तो वाटायची हिंमत मला झालेली नाही, कारण कुणीतरी पुन्हा नाव कुठे आहे म्हणून विचारेल.

आता मीही बाजाराला ट्रकांच्या रस्त्याने जातो. गेल्या महिन्यात तिथेही तलावपाऱ्यातली एक म्हातारी भेटली. डोक्यावरचा भारा खाली न ठेवताच तिने विचारलं, "भैया, वो दीदी बोली थी, बताने आऊँगी. आई नहीं."

दीदी आता नाहीत, हे तिला माहीत नव्हतं.

"आएगी," मी म्हणालो.