तपासणीसाठी वर नेलेला सोफा

तपासणीचं पथक येणार असलं की फुलझाडांच्या कुंड्या भाड्यानं आणायच्या, हे मी नोकरीच्या पहिल्याच वर्षी शिकलो. एका शिक्षणसंस्थेच्या कचेरीत कारकून म्हणून चिकटलो, हेडक्लार्क होऊन निवृत्त झालो आणि मधल्या काळात कितीतरी पथकं खूश करून परत पाठवली. ग्रंथालयात पुस्तकं कमी पडली तर शेजारच्या कॉलेजातनं टेम्पो भरून आणायची आणि पथक गेलं की त्याच टेम्पोतनं परत. एकदा त्या गडबडीत आमचीच दोन कपाटं पुस्तकं तिकडं गेली, ती अजून आलेली नाहीत. सांगायचा मुद्दा, कोणी बघायला आलं की काय मांडायचं आणि काय झाकायचं, यात मी वाकबगार. त्या वाकबगारीनंच मी एका जोडप्याचं नुकसान केलं. ते भरून काढायला मला एकच वाक्य लिहायचं होतं आणि तेवढंच मला लिहिता येईना.

त्यातला नवरा अफगाणिस्तानातनं आमच्या संस्थेत शिकायला आलेला. आपल्या सरकारची शिष्यवृत्ती होती. राहायला खोली, महिन्याला खर्चाला पैसे. मधे एका सुट्टीत घरी जाऊन लग्न केलं आणि बायकोला घेऊन आला. ती तिकडं मुलींच्या शाळेत शिकवायची. मग तिकडं राज्य बदललं. तिची शाळा बंद झाली, याच्या भावाला शोधत घरी माणसं येऊन गेली, आणि परत जायची वाटच मिटली.

त्याचा प्रबंध लिहून तयार होता, पण तो जमा करत नव्हता. मला वाटलं, आळस. "अरे लेका, पदवी घे आणि मोकळा हो की!" म्हणून मी त्याला फैलावर घेतला. तो नुसता हसायचा. शेवटी मीच त्याची फाईल बगलेत मारून या टेबलावरनं त्या टेबलावर पळालो. माझ्या हातनं उभ्या नोकरीत इतक्या वेगानं सरकलेली ती एकमेव फाईल. पदवी मिळाली, मी पेढे वाटले. पदवी मिळाली म्हणजे तो विद्यार्थी उरला नाही, आणि विद्यार्थी नाही म्हणजे शिष्यवृत्ती नाही, खोली नाही. खोली सोडायची नोटीस मीच टाईप केली. सहीला ठेवताना नाव वाचलं, तेव्हा डोक्यात उजेड पडला.

मग काय करणार? माझ्या घराच्या वरच्या दोन खोल्या मुलासाठी बांधलेल्या, मुलगा पुण्याला नोकरीला. तिथं त्यांना आणलं. परदेशी माणूस घरात ठेवला की पोलिसांकडं फॉर्म भरावा लागतो, तो भरला. पहिल्या महिन्यात त्यानं भाड्याचं पाकीट आणून दिलं, ते मी परत केलं. गल्लीनं त्याचं नाव कधी नीट उच्चारलंच नाही. सगळ्यांसाठी तो 'पावणं'. मराठी तो मेसमध्ये आचाऱ्यांकडनं शिकलेला, त्यामुळं बोलायला लागला की थेट आमच्यातलाच. आम्हाला काका-काकी म्हणायचा.

दिल्लीत एक कचेरी आहे. परदेशातनं आसरा मागायला आलेल्यांना ती कार्ड देते. त्या दोघांना कार्ड मिळालं. कार्डावर घर मिळत नाही आणि रीतसर नोकरीही करता येत नाही. त्याचा अर्थ एवढाच, की हे खरंच आसरा मागणारे आहेत. तीच कचेरी काहीजणांना घरभाडं आणि महिन्याचा खर्च देते, पण आधी घरी येऊन बघते. यानं अर्ज केला होता. अमुक दिवशी एक बाई बघायला येईल, असं कळलं.

त्या सुमारास आमच्या हिनं एक शोध लावला होता. एक दिवस भाजी निवडता निवडता म्हणाली, "अवो, वरचा सिलिंडर चार महिनं झालं संपला न्हाय. आपला दीड महिना जात न्हाय. ती दोघं शिजवत्यात तरी काय?" तेव्हापासनं ती काही ना काही वर पाठवायची. आमटी, पोळ्या, कधी पांढरा रस्सा. भांडं कधी रिकामं परत आलं नाही. पाठवण्यासारखं काही नसलं की कुंडीतल्या पुदिन्याची चार पानं तरी त्यात असायची.

इतकं माहीत असून मी काय करावं? 'बघायला येणार' हे दोन शब्द कानावर पडले आणि माझ्यातला हेडक्लार्क जागा झाला. वरच्या खोल्यांना चुना लावून घेतला. शेजाऱ्यांकडनं कूलर आणला. हिला तांदळाचे, डाळीचे डबे भरून वरच्या फळीवर मांडायला लावले. शेवटी आमचा बैठकीतला तीन माणसांचा सोफा वर न्यायचा ठरवला. जिना अरुंद. पुढं तो, मागं मी. निम्म्या जिन्यात सोफा अडकला, न वर ना खाली. तिथं, सोफ्याच्या पलीकडनं, त्याचा आवाज आला.

"काका, राहू द्या. ती बाई काय न्हाय ते बघायला येत्या."

"न्हाय ते काय दाखवायचं असतंय व्हय कुणाला? उचल!"

त्यानं उचलला. माझ्या कमरेत तिथंच उसण भरली. ती पुढं महिनाभर होती.

बाई आली. पुण्याची, पंचविशीतली पोरगी, हातात टॅब. पाणी पुढं केलं तर म्हणाली, "मला काही घेता येत नाही, नियम आहे." आमच्या घरात येऊन पाण्याला नको म्हणते म्हटल्यावर माझं डोकं सणकलं. पावण्याच्या बायकोनं वेलचीचा चहा आणि चांगल्या बशीतनं बदाम आणले. घरनं आणलेले ते शेवटचे बदाम होते, हे मला मागाहून कळलं. पोरीनं बशीकडं बघितलं, फळीवरच्या डब्यांकडं बघितलं आणि टॅबवर काहीतरी टिपलं.

"भाडं किती देता?" तिनं त्याला विचारलं.

उत्तर मी दिलं. "भाडं? पावण्याकडनं भाडं घेतात व्हय कोल्हापुरात?"

"जेवणाचं कसं?"

"दोन्ही टाइम हाय की. आठवड्याला मटण."

"काका, मला त्यांना विचारायचंय."

"विचारा की. पावणं, सांगा."

तो सोफ्याच्या कडेला टेकला होता. त्याची बायको दारात उभी. तिनं त्याच्याकडं बघितलं, त्यानं माझ्याकडं. मी एक हात कमरेवर दाबून धरला होता. तो म्हणाला, "काका-काकी लई करतात."

"पण कमी काय पडतं? औषधं? कपडे?"

"काका-काकी लई करतात," तो परत म्हणाला.

पोरीनं टॅब मांडीवर ठेवला आणि परत त्याच्याकडं बघितलं. तिनं आम्हाला पुरेपूर संधी दिली, हे मला आज कळतं. मग माझ्याकडं वळून तिनं शेवटचं विचारलं, "तुम्ही यांना असं किती दिवस सांभाळू शकाल?"

"जन्मभर!" मी म्हणालो. तिला लिहून घेताना बघून परत सांगितलं, "लिहा, जन्मभर."

महिन्याभरानं उत्तर आलं. अर्जदाराला राहायला पक्की जागा आहे, यजमान कुटुंब संपूर्ण पालनपोषण करत आहे, सबब मदतीची गरज दिसत नाही. परिस्थिती बदलल्यास यजमानाच्या लेखी पत्रासह पुन्हा अर्ज करावा. माझं आयुष्य असली पत्रं लिहिण्यात गेलेलं. भाषा बिनचूक होती. वाचल्यावर ही मला एवढंच म्हणाली, "झालं समाधान?" आणि दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. पावणं मात्र मलाच धीर देत होता. "असू दे काका. सोफा भारी हाय."

माझा जन्मभर सात महिने टिकला.

मुलाची बदली कोल्हापूरला झाली. बायको, दोन पोरं, सामान. त्याचं काही चुकलं नाही. त्याच्यासाठीच तर त्या खोल्या बांधल्या होत्या. एका रविवारी तो टेप घेऊन वर गेला. पलंग कुठं बसतो, कपाट कुठं, मापं घेत होता. पावण्यानं टेपचं दुसरं टोक भिंतीला धरलं होतं. खाली आल्यावर मुलानं हळू आवाजात विचारलं, "बाबा, ह्यांचं काय करायचं?" मी पेपर उलटा-सुलटा केला.

चार दिवसांनी पावणंच खाली आला. "काका, दिल्लीत आमच्याकडचा एकजण हाय, तंदूरवर रोट्या भाजतोय. बोलावतोय. कचेरी पण तिथंच हाय, सारखं जाता येईल."

मी म्हणायला हवं होतं, कशाला जातोस? म्हणालोही. पण त्याच्या आधी मला हायसं वाटलं. ते एक क्षणभरच होतं, पण त्यानं ते बघितलं. एवढी वर्षं लोकांच्या अडचणी एका टेबलावरनं दुसऱ्या टेबलावर सरकवण्यात गेली, की एखादी आपण होऊन सरकली तर आपल्याला बरंच वाटतं.

जाताना त्यानं कचेरीचं जुनं उत्तर घडी घालून टीपॉयवर ठेवलं. "वाचा काका. घाई न्हाय." त्यानं तोंडानं मागितलं नाही. आता परत अर्ज करायचा तर यजमानाचं पत्र पाहिजे, की यांना यापुढं मी ठेवू शकत नाही. तेवढ्या एका ओळीवर त्यांचं तिकडचं भाडं आणि खाणं अवलंबून होतं.

मी लिहायला बसलो. पहिला मसुदा दोन पानी झाला. सदर दांपत्य अत्यंत सालस, निर्व्यसनी, गल्लीत लोकप्रिय. दुसऱ्यात 'काही अपरिहार्य कौटुंबिक कारणास्तव' आलं. तिसऱ्यात माझ्या नोकरीची माहिती आली, ती कशासाठी, देव जाणे. हिनं तिन्ही कागद चष्मा लावून वाचले.

"लिवलंय झ्याक," ती म्हणाली. "पर ठेवू शकत न्हाय, हे कुठं हाय ह्यात?"

"त्याचा अर्थ तोच होतो."

"त्या पोरीम्होरं जन्मभर म्हणालासा, तवा अर्थ सांगितला न्हाईसा. आता पण सरळ लिवा."

त्यांच्या गाडीच्या दिवशी सकाळी मी ती ओळ लिहिली. 'मी यांना माझ्या घरी ठेवू शकत नाही. यांच्याकडे उत्पन्नाचे साधन नाही. मागील भेटीत दाखवलेले सामान माझे होते.' खाली सही, पत्ता. तीन वाक्यं. पेन खाली ठेवलं आणि कागद पाकिटात घातला.

स्टेशनवर हिनं भाकरी, चटणी, दशम्या असा डबा दिला. तिनं आणि त्याच्या बायकोनं एकमेकींचे हात धरले होते. दोघींना एकमेकींची भाषा धड येत नव्हती आणि त्यांचं त्यावाचून काही अडलंही नव्हतं. मी त्याच्या हातात पाकीट दिलं. "इथं उघडू नको," म्हटलं. त्यानं ते छातीला लावलं आणि बायकोकडं दिलं. तिनं ते प्लास्टिकच्या फायलीत ठेवलं, पदवीच्या कागदामागं.

"काका, तुमच्याजवळ बोलायचं होतं," तो म्हणाला.

मला वाटलं, आता बोलणार. बोलू दे, त्याचा हक्क आहे.

"सोफा खाली आणायचा राहिला. एकट्यानं उचलू नका."

गाडी गेली. आम्ही दोघं रिक्षानं घरी आलो. रस्त्यात मी नेहमीप्रमाणं रिक्षावाल्याशी गप्पा मारायला सुरुवात केली आणि कसल्या गप्पा मारतोय ते मलाच कळेना, म्हणून थांबलो.

सोफा अजून वरच आहे. मुलगा म्हणतो दोन हमाल बोलावू, मी म्हणतो असू दे. नातवंडं त्यावर उड्या मारतात. खाली आलेल्यांना आम्ही खुर्च्या देतो. कुणी विचारलं तर ही माझ्याकडं बघते आणि मी विषय बदलतो. ते मला चांगलं जमतं.

मधनंमधनं त्याचा फोन येतो. परवा दुपारी आला. मी स्पीकरवर टाकला, म्हणजे हिला ऐकू जावं.

"पत्राचं काय झालं?"

"दिलंय काका. बघतायत."

"मग तोवर?"

"तोवर मस्त चाललंय की."

"जेवलास?"

"जेवलो की. दोन्ही टाइम. आठवड्याला मटण."

हिनं माझ्या हातनं फोन घेतला, तोंडाजवळ धरला.

"अरे, खोलीवर गॅस हाय न्हवं?"

"हाय काकी."

"सिलिंडर किती दिवस पुरतोय?"

पलीकडं कुठंतरी गाड्यांचे हॉर्न वाजत होते.

"लई दिवस पुरतोय, काकी," तो म्हणाला.