शुभाताईचे स्वतःचे माप

मावशीचा फोन आला तेव्हा मी पुण्यातल्या प्रयोगशाळेत नोंदी घेत होते. "आपली शुभा गेली वं पोरी… मशीनवर बसल्या बसल्या मान टाकली तिनं," एवढेच ती बोलू शकली. मी वहीत पुढचा आकडा लिहिला, आणि मग तो कशाचा होता हेच मला आठवेना…

शुभाताई माझी मावसबहीण. जळगाव जामोदला घराच्या पुढच्या खोलीत ती शिवणकाम करायची. सुट्टीतल्या दुपारी मी तिथे नुसती पडून असे. खिडकीत टांगलेल्या ब्लाउजांतून ऊन कधी गुलाबी, कधी हिरवे होऊन फरशीवर उतरायचे, हवेत कापडाचे तंतू तरंगायचे, आणि मशीनच्या संथ घरघरीत दूरचा सातपुडाही कुणी आभाळाला जोडून शिवतो आहे असे वाटायचे. गिऱ्हाईक ओट्यावर चढायच्या आत ताईला त्याचे माप कळलेले असे. "काकू, दिवाळीपासून दोन बोटं वाढल्या तुम्ही! सुनेच्या हाताले चव हाये वाट्टे." "चूप बस, आधी मोज!" मोजल्यावर काकूच हसत सुटायच्या. तिची नजर चुकलेली मी कधी पाहिली नाही. फक्त स्वतःकडे पाहताना ती चुकायची.

तिचे जेवण तुटत गेले, तेव्हा गल्लीने त्याला कडक उपास म्हणून वाखाणले. मनगटातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकू लागल्या, आणि ती मात्र म्हणायची, "पाह्य ना, किती फुगून राह्यली मी." अकोल्याच्या डॉक्टरांनी सांगितले, हा आजार आहे, बरा होऊ शकतो, पण दाखल व्हायला हवे. ताईला ते पटेना. तिचाच टेप तिच्या कमरेला लावून दाखवला, तर म्हणाली, "कापडी टेप वापरून लांबते, मंग आकडा कमी येते." शिवणाऱ्या बाईचे हे म्हणणे खोटेही नव्हते. मावशीने नवा टेप आणला. तो दुकानातच ताणलेला निघाला, असे ताईचे मत पडले.

"आणि न लांबणारा टेप आणला तर?" मी विचारले.

"तर मंग येईन मी दवाखान्यात."

मी पोलादी टेप घेऊन गेले. तीनदा मोजले, तीनदा तोच आकडा आला. ताईने तो बराच वेळ पाहिला, मग माझ्या गालावरून हात फिरवला. "शास्त्रज्ञ बाई, तू आवळून धरला. मले बरं वाटावं म्हून…"

मी चिडले. आपल्या शरीराचे एक चित्र मेंदूही रेखाटत असतो, या आजारात ते चित्रच बिघडते, हे मी तिला मुद्देसूद समजावले. ते चित्र पुराव्याने पुसता येत नाही, हे ज्ञानही माझ्याकडे होते. मी ते वापरले मात्र नाही. वाद हरल्यासारखी सकाळच्या बसने परत आले. तुला नेमके काय दिसते गं, हे विचारायचे राहून गेले. दोन महिन्यांनी तो फोन आला.

मागच्या आठवड्यात मावशीने कपाटातून एक जांभळा कुर्ता काढला. "स्वतःसाठी शिवत होती. बाह्या राह्यल्या लावायच्या." मी तो अंगात घातला. मावशीने दोन्ही बाजूंनी मुठी भरभरून कापड धरले, तरी ते उरत होते. शिलाई सरळ होती, गळ्याची गोलाई निर्दोष होती. कापताना तिचा हात कुठेही चुकला नव्हता. तिला जी बाई दिसत होती, तिच्यासाठी हा कुर्ता अगदी मापाचा होता.

"लहान करून देऊ का तुले?" मावशीने विचारले.

मी फक्त बाह्या लावून मागितल्या. आता पुण्यात, खोलीवर एकटी असले की मी तो घालते. पंख्याच्या वाऱ्याने तो माझ्याभोवती हळूच फुगतो, आणि कापड आणि मी यांच्यामधल्या त्या जागेत मला शुभाताईचे म्हणणे ऐकू येते… आता मी ते खोडून काढत नाही.