मानेतला मालक

आमच्या मावसांइतका फुशारकीखोर माणूस निजामाच्या साऱ्या मुलखात दुसरा नसेल. आणि फुशारकी तरी कशाची, तर लघवी दाबून धरण्याची. मावसा बीडच्या कचेरीत कारकून होते. तिथला रिवाज असा, की साहेब उठल्याशिवाय दरबारातून कुणी उठायचं नाही. दरबाराच्या दिवशी इतर कारकून सकाळपासून पाण्याला शिवत नसत. मावसा मात्र ऐटीत ताकाचा तांब्या रिकामा करून जात. कारण त्यांनी शोध लावला होता. ‘मूत्राशय नुस्ता हरकारा हाय बे,’ मानेवर थाप मारून ते मला सांगत, ‘त्यो वर्दी आणतो. मालक हितं बसलेला हाय. त्यानं हुकूमच सोडला न्हाई, तर हरकारा काय करतो?’ पुरावा म्हणून तेलगावचा एक पैलवान: कुस्तीत मानेवर पडला आणि तेव्हापासून त्याचं धोतर त्याच्या ताब्यात राहिलं नाही. मालक झोपेत राहावा म्हणून मावसा मानेला ओला रुमाल इतका करकचून बांधत, की डोळे खोबणीबाहेर यायला बघत. ‘फाशी दिल्यावानी दिसतंय ध्यान,’ असं मावशी म्हणायची.

नांदूरघाटला तालुकदारसाहेबांचा मुक्काम पडला, तेव्हा पेशकाराची, म्हणजे साहेबांपुढे कागद ठेवणाऱ्या मुख्य कारकुनाची, जागा रिकामी होती. ती मावसांनाच मिळणार, असं मावसाच सगळ्यांना सांगत होते. तिथल्या दरबारात मीही मागच्या रांगेत होतो. साहेब शिकारीच्या गोष्टीत रंगले. वाघ काही मरेना. मावसांचा चेहरा आधी गंभीर झाला, मग भाविक. इतक्यात चपराशाने साहेबांसाठी सुरईतून पाणी ओतायला घेतलं, बारीक धारेनं, सावकाश. त्या आवाजाने मालक खडबडून जागा झाला. मावसा उठले आणि साहेबांना पाठ दाखवून कनातीबाहेर पळाले. त्यांच्या मागोमाग पाटील, कुलकर्णी, निम्मा दरबार.

जागा गेली, ती कायमची. मी ही हकिगत गावोगाव नकलेसकट सांगितली.

पुढे मावसांना एक खोड जडली. ओसरीवर गप्पा ऐन भरात असताना ते उठत, गोठ्यामागे जाऊन नुसते उभे राहत आणि परत येत. मालकाचा कारभार ढासळला, म्हणून मी हसायचो. एकदा लिंबागणेशचे एक म्हातारे सोयरे आले होते. भिडस्त, सारखी चुळबुळ चाललेली. मावसा उठले, तसे तेही सुटका झाल्यासारखे मागे गेले. नंतर मी विचारलं, ‘मावसा, काम तं नव्हतंच. कावून उठला?’

‘पयल्यांदा उठायला लई जड जातं बे,’ ते म्हणाले. ‘कुनीतरी उठावं लागतं.’

मावसा जाऊन बरीच वर्षं झाली. बैठका अजूनही लांबतात, आणि आम्ही सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघत बसून राहतो.