उपजत हात

पेणच्या गणपतीच्या कारखान्यात माझी हयात गेली. मूर्तीला पॉलिश पेपर मारला, भेगा भरल्या, अंगाला रंग दिला, सगळं केलं बघा. पण डोळ्यांच्या आखणीचा ब्रश कधी धरला नाय. आखणीला हात उपजत लागतो, तुझा तसा नाय, असं मालकांनी सांगितलं, मी मानलं.

नातीच्या बाबतीत मी तेच केलं, फक्त उलटं. शाळेत पहिली यायची. मी रामवाडीभर सांगत फिरायचे, ''आमचीला अभ्यास लागत नाय, डोकंच तसं हाय.'' पाहुणे आले की तिचा अभ्यास दिसू नये म्हणून पुस्तकं उचलून कपाटात टाकायचे. काय ती हौस माझी!

रोह्याच्या कॉलेजात गेली नि गणितात केटी लागली, म्हणजे नापास झालेला पेपर पुन्हा द्यायचा. तो दिला, पुन्हा गेला. सरांना शंका विचारायची नाय, कुणाची वही मागायची नाय. विचारलं तर डोकं नाय हे कळेल ना सगळ्यांना!

तिसऱ्या खेपेच्या परीक्षेच्या फॉर्मचा शेवटचा दिवस. कॉलेजचं ऑफिस चारला बंद होणार, आणि ही माझा डबा घेऊन कारखान्यात.

''गो पोरी, एसटी पकड ना!''

''नाय जात. ज्याला येतं त्यालाच येतं, आजी. तुझ्या आखणीसारखं.''

मी एक फुटकी मूर्ती ओढली, ब्रश काळ्या रंगात बुडवला. ''बघ, या वयात शिकते मी. शिकलं की येतं.''

एक डोळा भुवईत घुसला, दुसरा गालावर ओघळला.

''अगो, बाप्पाला काय डुलकी लागली?'' बाजूची रंगारीण खिदळली.

नात हसली नाय. ''बघितलंस?''

''अगो, पहिलाच हाय हा! पहिला असाच व्हायचा!''

''मग इतकी वर्षं का नाय धरलास ब्रश?''

मी डोळा पुसला, पुन्हा काढला, पुन्हा पुसला. तेवढ्यात रोह्याची शेवटची उपयोगाची गाडी गेली.

संध्याकाळी आम्ही दोघी घरी आलो. शेजारीण दारातच. ''भरला काय गो फॉर्म पोरीने?''

''व्हय, भरला,'' माझ्या तोंडून निघून गेलं.

नात माझ्या पाठीशीच उभी होती.